वीज गेल्याचा निरोप

वसई-विरारमध्ये पावसाळ्याच्या रात्री वीज गेली की लोक आधी बाल्कनीत येतात. समोरची इमारतही अंधारात दिसली, की 'सगळ्यांचीच गेली' म्हणून निम्मी काळजी मिटते. मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'कुणी फोन लावला का?' सुरू होते. बहुतेकांसाठी हा उकाड्याचा आणि डासांचा प्रश्न असतो. पण ज्या घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर कुणी झोपलेले आहे, तिथे एकच गोष्ट जाणून घ्यायची असते : किती वेळ? सिलिंडर जोडायचा, रुग्णवाहिका बोलवायची की थोडी वाट पाहायची, हे त्यावर ठरते.

या प्रश्नाचे निम्मे उत्तर वीज जाते त्याच सेकंदाला एका यंत्राला कळलेले असते. हे यंत्र असते उपकेंद्रात, आणि त्याचे नाव रिले.

तारापूरच्या अणुभट्ट्या १९६९पासून याच जिल्ह्यात वीज तयार करत आहेत. म्हणून वसईचा दिवा तारापूरवर लागतो असे मात्र नाही. सगळी वीज आधी ग्रिडमध्ये जाते. तिथून ती महापारेषणच्या अतिउच्चदाब उपकेंद्रांत येते, उतरत उतरत २२ केव्हीवर पोचते, मग महावितरणच्या फीडरवरून गल्लीतल्या रोहित्रापर्यंत आणि शेवटी घरात. या प्रवासात कुठेही झाडाची फांदी तारांवर पडली, खाडीच्या खाऱ्या हवेने इन्सुलेटरवर मिठाचा थर बसून ठिणगी उडाली किंवा रस्ता खोदताना केबल तुटली, तर प्रवाह एकदम उसळतो. रिले तो सतत मोजत असतो. मर्यादा ओलांडली की तो ब्रेकरला 'उघड' असा हुकूम देतो. राष्ट्रीय ग्रिड मानकांनुसार ४०० केव्ही वाहिनीवरचा दोष १०० मिलिसेकंदांत आणि २२० केव्हीवरचा १६० मिलिसेकंदांत तोडला गेलाच पाहिजे. एवढ्या वेळात माणसाला काही ठरवणे शक्य नाही. गुडघ्यावर हातोडी बसली की पाय उडतो, त्यासाठी मेंदूची परवानगी लागत नाही. काम मज्जारज्जूतच उरकते. रिलेचेही तसेच आहे.

जुन्या उपकेंद्रांत हा हुकूम तांब्याच्या तारेतून जाई. प्रत्येक संदेशाला वेगळी तार. पॅनेलच्या मागे तारांचे जंगल, आणि प्रत्येक कंपनीच्या रिलेची बोली वेगळी. एका कंपनीचा रिले दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलायचा तर मध्ये दुभाष्या लागे. रुग्णालयांनी हा त्रास आधीच भोगला आहे. एका कंपनीच्या सीटी स्कॅनची चित्रे दुसऱ्या कंपनीच्या पडद्यावर दिसत नसत. त्यावर अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांची संस्था आणि विद्युत उपकरणे बनवणाऱ्यांची संघटना यांनी मिळून १९८५ मध्ये एक मानक काढले, त्याचेच पुढे १९९३ मध्ये 'डायकॉम' झाले. आज वसईत काढलेला एमआरआय परळला उघडतो तो या डायकॉममुळे. उपकेंद्रांसाठी असेच मानक २००३ ते २००५ या काळात प्रसिद्ध झाले. त्याचे नाव आयईसी ६१८५०. त्यात यंत्राच्या प्रत्येक कामाला ठरलेले नाव आहे : 'एक्ससीबीआर' म्हटले की ब्रेकर, 'पीडीआयएस' म्हटले की वाहिनीवरचा दोष किती अंतरावर आहे हे पाहणारी संरक्षण-व्यवस्था, मग यंत्र जर्मन असो की देशी. तारांच्या जंगलाची जागा काही फायबर केबलनी घेतली. अतिउच्चदाबाच्या नव्या उपकेंद्रांत ही पद्धत आता रुळली आहे.

या मानकातली सर्वांत शहाणी गोष्ट वेगापेक्षा वेगळी आहे. तातडीच्या संदेशाला तिथे 'गूस' म्हणतात. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून बनलेले हे नाव. हंसाशी संबंध नाही. हा संदेश साधारण तीन मिलिसेकंदांत पोचावा अशी अपेक्षा असते. पण काही घडले नसतानाही प्रत्येक यंत्र ठरावीक अंतराने 'मी आहे, सगळे ठीक आहे' असे सांगतच राहते. काही घडले की तोच संदेश भराभर पुन्हा पुन्हा जातो, मग हळूहळू पुन्हा सावकाश. त्यामुळे एखादे यंत्र गप्प झाले तर समोरच्याला लगेच कळते, की निरोप येणारी वाटच बंद पडली आहे. तांब्याच्या तारेचे असे नव्हते. ती महिन्यापूर्वी उंदराने कुरतडली असली तरी गरज पडेपर्यंत कुणाला पत्ता नसे. अतिदक्षता विभागात काम केलेल्या कुणालाही हे पटेल. मॉनिटरची वायर निघाली की तो गप्प बसत नाही, 'वायर निघाली' म्हणून ओरडतो. जो मॉनिटर अशा वेळी शांत राहील, तो धोकादायक.

शांततेचा असा चुकीचा अर्थ लावल्याने काय होते याचे मोठे उदाहरण १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेत घडले. ओहायोतल्या एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात इशारे देणारी संगणकप्रणाली दुपारी सव्वादोनच्या सुमारास गोठली. पडद्यावर नवे इशारे येईनात, आणि कर्मचाऱ्यांना वाटले सारे सुरळीत आहे. बाहेर वाहिन्या झाडांना टेकून एकामागून एक बंद पडत होत्या. चार वाजून दहा मिनिटांनी जाळे कोसळले. अमेरिका आणि कॅनडात मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. न्यूयॉर्क शहरातल्या मृत्यूंचा हिशेब पुढे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळात तिथले एकूण मृत्यू २८ टक्क्यांनी वाढले होते; म्हणजे सुमारे ९० जादा मृत्यू. यातले सगळे लिफ्टमध्ये अडकून किंवा अपघाताने झालेले नव्हते. बरेचसे नेहमीच्या आजारांचेच मृत्यू होते, थोडे लवकर आलेले. अशा मृत्यूच्या दाखल्यावर 'वीज' हा शब्द कधीच येत नाही.

मुंबईने असा दिवस १२ ऑक्टोबर २०२० रोजी पाहिला. कळवा आणि पडघा यांना जोडणाऱ्या ४०० केव्ही वाहिन्या बंद पडल्या, भार उरलेल्यांवर आला आणि सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा मोठा भाग ठप्प झाला. लोकल थांबल्या. कोविडचा काळ होता. रुग्णालयांनी किमान आठ तास पुरेल एवढे डिझेल हाताशी ठेवावे, असे मुंबई महापालिकेला सांगावे लागले. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू वीज केंद्राने मात्र ग्रिडपासून वेगळे होऊन मुंबईतल्या अत्यावश्यक सेवांना सुमारे ३८५ मेगावॉट पुरवणे चालू ठेवले. संकटात स्वतःला तोडून घेऊन एक लहान बेट जिवंत ठेवण्याची ही व्यवस्था, आणि तीही स्वयंचलित रिलेंवरच चालते. त्याच संध्याकाळी मुलुंडच्या एका खासगी रुग्णालयात जनरेटरला आग लागली, चाळीसेक रुग्ण हलवावे लागले आणि एक वृद्ध रुग्ण दगावला. पुढे या बिघाडामागे सायबर हल्ला होता का, यावर वाद झाला. राज्याच्या गृहमंत्र्यांनी तशी शक्यता बोलून दाखवली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. वाद रंगला खरा, पण जनरेटर किती तास भार पेलेल याची चाचणी पूर्ण भारावर घेतली होती का, हा साधा प्रश्न त्यात मागे पडला.

सायबर हल्ल्याची भीती पोकळ आहे असे नाही. युक्रेनमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये हल्लेखोरांनी दुरून ब्रेकर उघडले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज घालवली. पुढच्याच वर्षी कीव्हजवळच्या उपकेंद्रावर वापरलेल्या घातक प्रणालीत तर आयईसी ६१८५० ची भाषा बोलणारा भागही होता. सगळ्यांना कळणारी भाषा चोरालाही कळते. तीन मिलिसेकंदांच्या घाईत मूळ मानकाने कुलपाचा विचार फारसा केला नव्हता; त्यासाठी वेगळे मानक करावे लागले, आणि आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे २०२१ मध्ये आणली. युक्रेनमधली वीज २०१५ साली काही तासांत परत आली, कारण तिथले कर्मचारी गाड्या काढून उपकेंद्रांत गेले आणि त्यांनी ब्रेकर हाताने चालू केले. डायलिसिसच्या यंत्रालाही असाच एक हाताने फिरवायचा दांडा असतो. वीज आणि बॅटरी दोन्ही गेली तर रुग्णाचे नळ्यांत अडकलेले दीड-दोनशे मिलिलिटर रक्त त्याने परत शरीरात घालता येते. दांडा प्रत्येक यंत्रावर असतो, पण तो फिरवायचा सराव असलेला तंत्रज्ञ प्रत्येक पाळीत असतोच असे नाही. उपकेंद्रांतून माणसे कमी करताना हेही पाहायला हवे.

वसई-विरारला आणखी एक अडचण आहे. १० जुलै २०१८ च्या पुरात उपकेंद्रांत पाणी शिरले आणि जीवितहानी नको म्हणून अनेक भागांचा पुरवठा बंद ठेवावा लागला. पाण्यात बुडालेल्या पॅनेलला कोणतेही मानक वाचवू शकत नाही. तिथे जोत्याची उंचीच कामाला येते. आणि वीज गेली की या शहराचे पाणीही जाते. सूर्या धरणाचे पाणी मासवणला पंपाने उचलून, धुकटणच्या केंद्रात शुद्ध करून इतक्या लांब आणले जाते. नव्या सूर्या प्रादेशिक योजनेतून शहरासाठी दिवसाला १८ कोटी ५० लाख लिटर पाणी ठरले आहे, तेही पंपांवरच अवलंबून. चार तासांच्या एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर शुद्ध द्रव लागतो. तो तयार करताना वाया जाणारे पाणी वेगळेच. म्हणजे मासवणला पंप थांबला, तर रुग्णालयाचा जनरेटर चालू असूनही दुसऱ्या दिवशीचे डायलिसिस अडू शकते.

आता त्या उरलेल्या निम्म्या उत्तराकडे. २२ केव्हीच्या फीडरवर रिले एवढेच सांगतो, की अमुक फीडर अमुक वेळी बंद पडला. बिघाड नेमका कुठे, हे अजूनही पुष्कळदा लाइनमन बॅटरी घेऊन, गुडघाभर पाण्यातून, खांबामागून खांब पाहत शोधतो. त्यामुळे 'वीस मिनिटांत येईल' असे वचन प्रत्येक वेळी देता येणार नाही, हे मान्य. पण 'तुमचा फीडर बंद आहे, दोष सापडलेला नाही, दोन तास धरून चाला' हे सांगता येते. दीड हजार लिटरचा भरलेला लहान सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने बारा तास जातो, पाच लिटरने फक्त पाच. घरच्यांना हिशेब करायला अशी अर्धवट माहितीही पुरते. ती मिळाली नाही की माणसे घाबरून भलते उपाय करतात. एप्रिल २०२५ मध्ये स्पेन अंधारात गेला, तेव्हा एका घरात श्वसनयंत्र चालवण्यासाठी जनरेटर लावला होता. त्याच्या विषारी धुराने तिघे दगावल्याचे प्राथमिक तपासातून पुढे आले. बंद गॅलरीत जनरेटर लावण्याचा मोह आपल्याकडच्या फ्लॅटमध्येही होऊ शकतो.

ऑस्ट्रेलियात जीवरक्षक उपकरणे असलेल्या घरांची नोंद वीज कंपनीला ठेवावीच लागते आणि नियोजित बंदची लेखी सूचना त्यांना चार कामकाजाचे दिवस आधी द्यावी लागते. ब्रिटनमध्येही अशा ग्राहकांची प्राधान्य यादी असते. इथे हे करायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. महावितरणच्या प्रत्येक ग्राहकाला बारा अंकी क्रमांक आहे, मोबाइल नोंदवला की एसएमएसही येतात. रिलेकडे बंद पडलेल्या फीडरचे नाव आहे. मध्ये फक्त एक रकाना हवा : या घरी ऑक्सिजन, व्हेंटिलेटर किंवा घरगुती डायलिसिस आहे. तो भरण्याची योग्य जागा रुग्णालय. रुग्णाला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर पत्त्याखाली ग्राहक क्रमांक लिहायचा आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाने तो पुढे कळवायचा.

अडचणी आहेत, आणि त्या तांत्रिक नाहीत. आजाराची माहिती वीज कार्यालयात कुणाकुणाला दिसणार, हे आधी ठरवावे लागेल. यादी शिळी होईल. रुग्ण बरे होतील, जातील, घर बदलतील. म्हणून ऑक्सिजनचे प्रिस्क्रिप्शन नवे होते तेव्हाच नोंदही नवी करावी. नालासोपारा-विरारमध्ये तर कितीतरी कुटुंबे भाड्याच्या घरात राहतात. बिलावर नाव मालकाचे, नोंदवलेला मोबाइलही मालकाचा. या घरात वीज जाते तेव्हा एसएमएस बोरिवलीत किंवा गावी असलेल्या मालकाच्या खिशात वाजतो. त्या रकान्याबरोबर रुग्णाची काळजी घेणाऱ्या माणसाचा क्रमांक वेगळा नोंदवला, तरच निरोप योग्य घरी पोचेल.