मी, आम्ही आणि परीक्षक

दिवाळी अंकात परीक्षेचा विषय काढला म्हणून वाचक कदाचित कपाळाला आठ्या घालतील. पण फराळाच्या ताटाशेजारी वही उघडून बसलेला मुलगा किंवा जावई यंदा पुष्कळ घरांत असेल, आणि तो शाळकरी नसेल. त्याला मिशा असतील, घराचे हप्ते असतील, मांडीवर एखादे मूलही असेल. पदवी मिळाली की परीक्षा संपल्या, ही आपल्या पिढीची समजूत आता राहिली नाही. नोकरीत दहा वर्षे घासलेल्या माणसालाही आज धंद्यातील सनदेसाठी पुन्हा बाकावर बसावे लागते. आणि शाळेत कमावलेल्या अभ्यासाच्या सवयी तेथे नेमक्या आडव्या येतात. माझ्या भाच्याच्या बाबतीत हे मी फार जवळून पाहिले.

भाचा दुबईत क्वांटिटी सर्व्हेअर आहे. सर्व्हेअर म्हटले की आपल्याला मोजणी खात्याचा माणूस आठवतो. एकराचे 40 गुंठे, गुंठ्याचे 16 आणे, आणि बांधावर उभे राहून भांडणारे दोन चुलतभाऊ. क्वांटिटी सर्व्हेअर जमीन मोजत नाही. इमारतीला काँक्रीट किती, लोखंड किती, त्याचे पैसे किती, ठेकेदाराने मागितलेले बिल खरे किती आणि फुगवलेले किती, हे तो पाहतो. या सगळ्या सर्व्हेअर मंडळींची मातृसंस्था लंडनला आहे: रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेअर्स. ती 1868 साली स्थापन झाली, जॉन क्लटन हे तिचे पहिले अध्यक्ष, आणि 1881 मध्ये तिला राजाज्ञेची सनद मिळाली. नावापुढे 'चार्टर्ड' लागते ते या सनदेमुळे. दुबईसारख्या ठिकाणी त्या एका शब्दावर बढती अडते, पगार अडतो आणि वयाने लहान असलेला सहकारी साहेब होऊन डोक्यावर बसतो.

या परीक्षेला प्रश्नपत्रिका नाही. भाचा बसला तेव्हा पद्धत अशी होती: आपल्या अनुभवाचा लेखी गोषवारा द्यायचा, स्वतः केलेल्या एखाद्या कामावर तीन हजार शब्दांचा केस स्टडी लिहायचा, आणि मग संगणकाच्या पडद्यावर परीक्षकांसमोर एक तास बसायचे. त्यातली पहिली दहा मिनिटे आपण बोलायचे. उरलेला वेळ त्यांनी विचारायचे. 2023 साली तो पहिल्यांदा बसला आणि राहिला. संस्था 'नापास' म्हणत नाही, 'रेफर्ड' म्हणते. शब्द मऊ आहे; पण माझ्या ताईने तो ऐकला तेव्हा दोन दिवस घरात कोणाशी धड बोलली नाही.

राहण्यासारखा तो नव्हता. पहिल्या खेपेला त्याने अभ्यासासाठी बायकोला आणि दोन वर्षांच्या मुलीला दोन महिने ठाण्याला पाठवून दिले होते. तीनशे पानांच्या टिपणवह्या केल्या होत्या. पिवळ्या, हिरव्या, गुलाबी रंगांनी रंगवलेल्या. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तो त्या वाचत असे. मुलगी परत गेली तेव्हा विमानतळावर बापाकडे जायला तयार होईना. एवढे करून निकाल हा. पुन्हा बसायचे तर मुलीला पुन्हा दूर पाठवायचे काय, हा प्रश्न त्या घरात होता, आणि सूनबाईने त्याचे उत्तर स्पष्ट शब्दांत देऊन टाकले होते.

मी मराठीचा प्राध्यापक. सिमेंट आणि वाळू यांचे प्रमाणही मला सांगता यायचे नाही. पण संस्था अनुत्तीर्णाला लेखी अहवाल देते, तो त्याने मला वाचायला पाठवला. त्याचा सारांश असा की उमेदवाराला पुष्कळ माहिती आहे, परंतु त्याने स्वतः काय केले आणि काय सल्ला दिला हे कळत नाही. हे वाचून मी चमकलो, कारण हा आजार बांधकामाचा नव्हता. तो व्याकरणाचा होता. मी त्याला म्हटले, "मी परीक्षक. बाराव्या कलमातला तिसरा पोटभाग सांग."

आंतरराष्ट्रीय करारांचे 'फिडिक' म्हणून एक तांबडे पुस्तक आहे. त्याच्या 1999 च्या आवृत्तीतले हे कलम. भाच्याने ते घडाघडा म्हटले. ठेकेदाराला परिमाणातील फरकासाठी नवा दर मिळायचा तर चार अटी: परिमाण यादीतल्यापेक्षा 10 टक्क्यांहून अधिक बदललेले असावे, त्या फरकाची रक्कम कराराच्या किमतीच्या 0.01 टक्क्याहून अधिक असावी. त्या फरकामुळेच दर एककाचा खर्च 1 टक्क्याहून अधिक बदललेला असावा. आणि तो दर करारात 'कायम दर' म्हणून बांधलेला नसावा.

"छान. तुझ्या कामात हे कुठे आलं?"

"गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला आलं होतं. जुनाच दर कायम ठेवण्यात आला."

"कोणी ठेवला?"

"म्हणजे... आम्ही निर्णय घेतला."

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

क्षणभर पडद्यावर शांतता. मग तो म्हणाला, "मामा, ते सगळं मीच केलं की! मालकाला पत्राचा मसुदासुद्धा मीच दिला."

हेच तर परीक्षकांना हवे होते, आणि तासाभरात ते एकदाही त्यांच्या कानावर गेले नव्हते. आपल्या घरांतले वळण असे की 'मी मी' करू नये. चांगल्या घरचा मुलगा 'आम्ही' म्हणतो. त्यात कचेरीची भाषा मिसळली की कर्ता पार नाहीसा होतो: कळविण्यात येते, ठरविण्यात आले, कार्यवाही करण्यात येईल. आम्ही सदरलेखकही 'आम्ही'च्या आड उभे राहतो. इंग्रजीत गेला तरी मराठी माणूस हा कर्मणी प्रयोग गाठोड्यात बांधून नेतो. विनय म्हणून हे ठीक आहे. परंतु परीक्षकाला एका माणसाला सनद द्यायची असते, मंडळीला नव्हे.

मग त्या गच्चीचीच गोष्ट मी त्याच्याकडून नीट ऐकून घेतली. यादीत 4,000 चौरस मीटर होते, प्रत्यक्षात 5,200 झाले. म्हणजे 30 टक्के वाढ. पहिली अट पुरी. दर 60 दिरहॅम, फरक 72,000 चा. करार 20 कोटी दिरहॅमचा, त्याचा 0.01 टक्का म्हणजे 20,000. दुसरीही अट पुरी. हा दर 'कायम' म्हणून बांधलेला नव्हता. तेव्हा चौथीही आड येत नव्हती. ठेकेदार वाढीव दर मागून बसला. भाच्याने त्याची बिले तपासली तेव्हा दिसले की माल महागला होता खरा, पण तो बाजारामुळे. परिमाण वाढल्यामुळे नव्हे. तिसरी अट बसत नव्हती. मधला दर देऊन वाद मिटवावा, असे कचेरीत एकाचे मत होते. भाच्याने मालकाला सांगितले की तसे करू नका. एका बाबीला दिलेत तर पुढच्या दहा बाबींना तोच न्याय मागतील, आणि करार तुमच्या बाजूने आहे.

ही परीक्षा तीन पायऱ्यांनी माणसाला जोखते: विषय ठाऊक आहे काय, तो कामात वापरला काय, आणि कारणे देऊन सल्ला दिला काय. कलम घडाघडा म्हणणे ही पहिली पायरी. बिले तपासणे ही दुसरी. 'तसे करू नका, कारण...' ही तिसरी. भाच्याच्या तीनशे रंगीत पानांत पहिलीच पायरी तीनशे वेळा बांधलेली होती.

त्या वह्या त्याला बाजूला ठेवायला सांगितल्या. त्यांच्या जागी तीन याद्या करविल्या: मी केले, मी पाहिले, मी वाचले. जे केले त्यावर तिसऱ्या पायरीपर्यंत बोलायचे. जे पाहिले त्याबद्दल 'हे मी पाहिले, निर्णय माझा नव्हता' असे म्हणायचे. जे नुसते वाचले ते विचारले तरच. कारण 'आम्ही'ची खोड मोडताना उलटी खोड लागते. दुसऱ्याचे काम 'मी' म्हणून सांगणारा उमेदवार तिसऱ्या उपप्रश्नाला उघडा पडतो, हे तोंडी परीक्षा घेणाऱ्या कोणत्याही प्राध्यापकाला विचारा.

उरला पाठांतराचा प्रश्न. घोका आणि ओका म्हणून आपण त्याला हिणवतो, पण काही गोष्टी तोंडी असल्याच पाहिजेत. फक्त पुन्हा पुन्हा वाचून त्या तोंडी होत नाहीत. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तर दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहिले तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 56 टक्के आठवत होते आणि वाचणाऱ्यांना सुमारे 42. वाचताना सगळे ओळखीचे वाटते, आणि ओळख म्हणजेच ज्ञान असे आपण समजतो. आपल्या वैदिकांना हे पूर्वीच उमगले असावे. नाहीतर त्यांनी पदांची उलटसुलट गुंफण करून जटा आणि घन म्हणण्याचा खटाटोप कशाला केला असता?

भाच्याने शंभरेक प्रश्न कार्डांवर लिहून काढले आणि ते विचारायला माणूस मिळाला तो ताई. ती प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. रोज रात्री जेवणे झाली की अर्धा तास ती दुबईला प्रश्न विचारी. तिला त्यातले काही कळत नव्हते आणि तोच मोठा फायदा झाला. एकदा रिटेन्शनचा प्रश्न निघाला. ताई म्हणाली, "काम झालं तर पैसे राखून कशाला ठेवायचे? गरिबाचे पैसे अडकवता होय रे?" मग त्याने शुद्ध मराठीत समजावले: प्रत्येक बिलातून थोडा भाग मालक राखतो, इमारत ताब्यात आली की त्यातला अर्धा देतो, उरलेला अर्धा दोष दुरुस्तीची मुदत संपल्यावर, म्हणजे ठेकेदार गळकी भिंत तशीच टाकून पळणार नाही. ताईला पटले. आईला मराठीतून पटवलेले परीक्षकांना इंग्रजीतून सांगणे मग अवघड राहत नाही. मुलीला या खेपेस कुठे पाठवले नाही; पहाटे पाच ते साडेसहा एवढाच त्याचा अभ्यास, पण बारा आठवडे रोजचा.

मध्यंतरी एका रात्री त्याचा फोन आला. केस स्टडी नव्याने लिहायचा होता, आणि तो काही हजार दिरहॅमांत लिहून देणारा एक गृहस्थ त्याला भेटला होता. "सगळेच घेतात मामा," असे तो म्हणाला, तरी आवाज पडलेला होता. मी त्याला उपदेश केला नाही. संस्थेचे आचरणाचे पाच नियम 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू झाले आहेत, त्यातला पहिला मोठ्याने वाच म्हटले. तो प्रामाणिकपणाचाच आहे. त्याने वाचला, मग बराच वेळ काही बोलला नाही. त्या गृहस्थाला त्याने नकार कळवला आणि तीन शनिवार बसून तीन हजार शब्द स्वतः लिहिले. ते आमच्या गाईड छापणाऱ्यांच्या इंग्रजीइतके गुळगुळीत नव्हते. परंतु त्यावर कोठूनही प्रश्न आला तरी उत्तर त्याच्याजवळ होते.

नीतीचा भाग उमेदवार शेवटी दोन दिवसांत उरकतात. तो सर्वांत आधी करावा, असे माझे मत झाले. कारण तेथे ठेच लागली तर बाकीचे गुण सावरत नाहीत. प्रश्न साधे दिसतात. निविदा चालू असताना ठेकेदाराने दिवाळीची मिठाई पाठवली तर काय कराल? 'नियमाप्रमाणे वागेन' हे उत्तर नव्हे. वेळ कोणती, किंमत किती, पाहणाऱ्याला काय वाटेल, कचेरीच्या भेटवस्तूंच्या नोंदवहीत लिहिले काय, साहेबांना कळवले काय, आणि परत पाठवताना माणसाचा अपमान कसा टाळला, एवढे सांगावे लागते. आपल्याकडे हा शेवटचा भाग सर्वांत कठीण.

2024 च्या वसंतात तो पुन्हा बसला. तास बरा चालला, पण ठेकेदाराच्या मागणीची सूचना किती दिवसांत द्यावी लागते, याला तो घाईत 21 म्हणून गेला. उत्तर 28 आहे, हे दोन प्रश्नांनंतर त्याच्या ध्यानात आले. पहिल्या खेपेचा भाचा त्याच काळजीने पुढची सगळी उत्तरे बिघडवून बसला असता. याने समोरच्या कागदावर '28' एवढे लिहून ठेवले आणि पुढे गेला. अखेरीस अध्यक्ष उमेदवाराला काही सांगायचे आहे काय, असे विचारतात. बहुतेक जण आभार मानून मोकळे होतात. तो म्हणाला, "मघाशी मी 21 दिवस सांगितले, ते 28 हवे होते." अध्यक्षांनी मान हलवली आणि पडदा बंद झाला.

निकालाचे पत्र त्याने आधी बायकोला दाखवले, मग ठाण्याला फोन केला. ताईने सगळे ऐकून घेतले, देवापुढे साखर ठेवली, आणि परत फोनशी येऊन विचारले, "बरं, तो उरलेला अर्धा भाग ठेकेदाराला दिला का रे मालकानं?"