हद्द बदलली, परवाना नाही

दिंडोशीहून आलेले पत्र समोर आहे. पत्रलेखक आपले जुने वाचक, बारा बोअरची ओव्हर-अंडर घेऊन ट्रॅप खेळणारे. जयपूरला जगतपुरा रेंजवर स्पर्धा होती म्हणून पहाटे साडेचारला गाडीने निघाले. दहिसर नाका ओलांडून तास झाला नाही तोच नाकाबंदीत अडकले. डिकीत कुलूपबंद केस, काडतुसांची पेटी वेगळी, मूळ परवाना, त्यावर युआयएन, स्पर्धेचे प्रवेशपत्र, सगळे जागच्या जागी होते. तरी सुटका व्हायला सव्वादहा वाजले. कारण एकच सांगण्यात आले : आमच्या हद्दीत शस्त्रबंदी लागू आहे.

ही शस्त्रबंदी म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खालचा मनाई आदेश. सण, जयंती, मोर्चा, निवडणूक, काही ना काही निमित्त असतेच. कित्येक ठिकाणी पंधरा दिवसांचा आदेश संपतो न संपतो तोच पुढचा निघतो. मजकूर वर्षानुवर्षे तोच : बंदुका, तलवारी, भाले, सोटे, काठ्या, सगळे एका ओळीत. जमावबंदीच्या भागात लग्न आणि अंत्ययात्रा यांचा अपवाद आठवणीने घातलेला असतो. रिकामी, बंद केसमधली बंदूक घेऊन सरावाला निघालेल्या परवानाधारक नेमबाजाचा उल्लेख मात्र सहसा सापडत नाही. मागच्या आदेशावरची तारीख बदलायची आणि सहीला पाठवायचा, एवढ्यावर हे काम चालले आहे. त्यात एक ओळ वाढवायला इतकी वर्षे का लागावीत?

नाकाबंदीत पुढे काय झाले तेही वाचण्यासारखे आहे. केस बॉनेटवर उघडायला लावली. फोमच्या खाचांत नळ्या, दस्ता आणि फोर-एंड, तिन्ही भाग सुटे. हवालदार म्हणाले, "जोडून दाखवा, म्हणजे कळेल कसली बंदूक आहे ते." पत्रलेखकांनी हात जोडले, पण बंदूक जोडली नाही. अगदी योग्य केले. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी बंदूक पूर्ण झाकलेली हवी, तिच्यासाठी बनवलेल्या आवरणात हवी आणि ती परजायची नाही. भर महामार्गावर, मागे गाड्यांची रांग, दोघे-तिघे मोबाइलवर चित्रीकरण करताहेत, अशा ठिकाणी ती जोडली असती तर गुन्हा कुणावर दाखल झाला असता? नियम मोडायला सांगणाऱ्यावर नक्कीच नाही. त्यानंतर काडतुसांवरून प्रश्न सुरू झाले. इतकी कशाला लागतात? पात्रता फेरीत १२५ बर्ड्स, प्रत्येकावर दोन बारांची मुभा, म्हणजे सरावाचे राउंड सोडूनही २५ च्या दहा पेट्या हाताशी ठेवाव्या लागतात. आपल्याला हे पाठ आहे. नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायाला ते कुणी कधी सांगितलेच नाही, आणि त्याचा दोष आम्ही त्या शिपायाला देत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम १९ प्रमाणे परवाना मागणे हा पोलिसांचा अधिकारच आहे. तो त्यांनी जरूर मागावा. पण परवाना पाहिल्यावर, युआयएन राष्ट्रीय डेटाबेसवर तपासता येत असताना, माणसाला साडेचार तास बाकावर बसवून ठेवायचे कशासाठी?

बालेवाडीला सरावाला जाणाऱ्या रायफलवाल्यांचा रस्ता मोजून पाहा. दिंडोशीहून ऐरोली पुलावरून निघालात तर मुंबई, नवी मुंबई, रायगड, पुणे ग्रामीण, पिंपरी-चिंचवड आणि शेवटी पुणे शहर, अशा पोलिसांच्या सहा हद्दी लागतात. सहा ठिकाणचे सहा आदेश, प्रत्येकाच्या तारखा निराळ्या. पहाटे घर सोडताना कुठे मनाई लागू आहे हे नेमबाजाने शोधायचे तरी कुठे? रायफल-पिस्तुलाला निदान वरळी जवळ आहे. क्ले फोडायचे तर मुंबई सोडावीच लागते. तुघलकाबाद, भोपाळ, जगतपुरा, कुठेही जायचे म्हटले तरी आधी रस्ता आला. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपचे रौप्य आणले, तेव्हा महाराष्ट्रातही शॉटगनची पोरे तयार होतील असे वाटले होते. रायफलमध्ये स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिसहून कांस्य आणले. शॉटगनमध्ये आपण कुठे आहोत, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

गृह विभागाकडे आमची मागणी साधी आहे. परवान्यावरील क्षेत्रमर्यादेत, रिकामी व आवरणात बंद असलेली बंदूक सरावाला किंवा स्पर्धेला नेणाऱ्या नेमबाजास हा आदेश लागू नाही, अशी एक ओळ कलम ३७ च्या प्रत्येक आदेशाच्या नमुन्यात छापा. आणि सर्व आयुक्तालयांचे व जिल्ह्यांचे चालू आदेश एका जागी पाहता येतील अशी सोय करा.

आता आपल्याच लोकांविषयी. चादरीत गुंडाळलेली दुनळी मागच्या सीटवर टाकून निघणारे सभासद आहेत. परवान्याची झेरॉक्स दाखवून वाद घालणारे आहेत. जेवायला ढाब्यावर थांबताना गाडीत बंदूक सोडून जाणारेही आहेत. त्यांच्यामुळे नाक्यावरचा पोलीस आपल्या प्रत्येकाकडे संशयाने पाहतो. अशांची बाजू हे मासिक घेणार नाही.

दिंडोशी, गोरेगाव, बोरिवली, मुलुंडच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट तपासावी. राष्ट्रीय उद्यानाची भिंत आपल्या दारात आहे. उद्यानापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नाव नोंदवायचे असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ३४ तेच सांगते. आमच्या ओळखीतल्या किती जणांना हे कलम माहीत नव्हते ते पाहून आम्ही हादरलो. लेखी परवानगीशिवाय उद्यानात शस्त्र नेता येत नाही, हे तर ठाऊक असेलच. मग गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचा ४.७ किलोमीटरचा जुळा बोगदा उद्यानाच्या पोटातून जाणार आहे, त्यातून बंद केस नेता येईल की नाही? हे वन विभागाने बोगदा सुरू होण्याआधी लेखी स्पष्ट करावे. पहिला नेमबाज पकडला गेल्यावर नव्हे.

पत्रलेखक जयपूरला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचले. सरावाची वेळ संपली होती.

ज्यांना रस्त्यात असा त्रास झाला असेल त्यांनी तारीख, वेळ, ठिकाण, दाखवलेल्या आदेशाचा क्रमांक आणि किती वेळ थांबवले, एवढे एका कागदावर लिहून सहीनिशी आमच्याकडे पाठवावे. येत्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत आलेली प्रत्येक तक्रार घेऊन आम्ही स्वतः मंत्रालयात जाणार आहोत. पाकिटात परवान्याची प्रतही घाला, आणि घालण्याआधी तिच्यावरची मुदत एकदा पाहा.