बुलपप घेऊन जागलीला जाणाऱ्या भावांनो, आधी हिशेब करा

हरभरा घाट्यावर आला, तूर भरत आली, आणि रानडुकरासोबत आता बंदुकीचे व्हिडिओपण वावरात घुसून राहिले. बुटकी, काळी, अर्ध्या दांड्याची बंदूक. तिला म्हणतात बुलपप. किंमत साठ-सत्तर हजार, परदेशी बनावटीची लाखाच्या वर. खाली लिहिलेलं असते: "लायसन नाही, आवाज नाही, डुक्कर पुन्हा येणार नाही." आमच्याच गटात तिघंजण विचारून राहिले की घ्यावी काय. माझं मत, घेऊ नये. का, ते नीट सांगतो, कारण रक्कम एका हंगामाच्या खर्चाएवढी आहे.

बुलपप म्हणजे काय ते आधी पाहू. साध्या बंदुकीत बार उडवणारं यंत्र घोड्याच्या पुढं-वर असते आणि मागं दस्ता रिकामा असतो. बुलपपमध्ये ते यंत्र मागं सरकवून दस्त्यातच बसवतात. नळी तेवढीच राहते, पण एकूण लांबी कमी होते. ब्रिटिश फौजेची एसए-८० साडेअठ्ठ्याहत्तर सेंटीमीटर भरते. जवळपास तेवढ्याच नळीची अमेरिकन एम-१६ मीटरभर लांब आहे. गाडीतून चढणं-उतरणं, हेलिकॉप्टर, घराच्या खोल्या, अशा जागी लढणाऱ्याला ती वीतभर बचत कामाची आहे, हे मी नाकारत नाही. आपल्या विशेष दलांकडेही इस्रायलची तावोर आहे, ती बुलपपच.

पण त्या वीतभरासाठी मोजावं लागतेच. घोडा पुढं आणि यंत्र मागं, म्हणून मधी लांब दांडी टाकावी लागते, आणि घोडा दाबताना तो जड, ढिला लागतो. वजन सारं खांद्याकडं येते. यंत्र कानाला चिकटते. ब्रिटिशांनी १९८५ मध्ये ती बंदूक घेतली, १९९१ च्या आखाती युद्धात धुळीत अडकू लागली, आणि पुढं जर्मनीच्या हेकलर अँड कोख कंपनीकडून दुरुस्त करून घ्यायला ९ कोटी २० लाख पौंड घालावे लागले. फ्रान्सनं आपली फामास सोडून २०१७ पासून साध्या ठेवणीची एचके-४१६ घेतली. चीननं २०१९ मध्ये क्यूबीझेड-१९१ दाखवली, तीही साधीच. ऑस्ट्रिया, ऑस्ट्रेलिया अजून बुलपपवर आहेत, म्हणजे ती टाकाऊ वस्तू नाही. पण एवढ्या मोठ्या फौजा सोडून राहिल्या ती ठेवण आपण धुऱ्यावर बसून वापरायला जादा पैसे का द्यावे? आपल्याला मचाणावर बसायचं आहे, रणगाड्यात नाही.

आता खरा मुद्दा. व्हिडिओतली वस्तू फौजेची बुलपप नाहीच. ती हवेवर चालणारी छर्ऱ्याची बंदूक आहे, नुसता आकार बुलपपचा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणं ४.५ मिलिमीटरची आणि २० जूलपर्यंतच्या जोराची हवाई बंदूक बिनालायसन चालते. २० जूल म्हणजे किती? तुरीच्या बियाण्याची २ किलोची पिशवी कमरेएवढ्या उंचीवरून, मीटरभरावरून, पायावर पडली, तर जेवढा जोर बसतो तेवढा. छर्रा असतो अर्ध्या ग्रॅमचा. त्याच्यापुढं बारा बोअरची २८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४५० मीटरनं निघाली तर २,८०० जूल होतात. क्विंटलभराच्या डुकराच्या जाड कातड्यावर, त्याच्याखालच्या चरबीवर, अर्ध्या ग्रॅमचा छर्रा काय करणार? मरत नाही ते. चिडते, किंवा छर्रा घेऊन शेजाऱ्याच्या उसात बसते, आणि सकाळी पाणी धरायला गेलेल्या बाईच्या अंगावर येते. यापेक्षा जास्त जोराची घेतली की लायसन लागते, म्हणजे जाहिरातीतली पहिलीच ओळ खोटी पडली.

कृषी सहायक साहेबांनो, हे तुम्हीच गावात सांगा: रानडुक्कर आणि रोही, दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहेत. त्या कायद्यात शिकार या शब्दात जनावर जखमी करणंही येते. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरासाठी कलम ११ मध्ये परवानगीची वाट आहे, पण ती वनविभागाकडून लेखी मिळते, दुकानदाराकडून नाही. पीक रक्षणाच्या बंदुकीचा उल्लेख १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम १३ मध्येच आहे, आणि तिथं नाव आहे ठासणीच्या बंदुकीचं! साठ हजारांच्या शोभेच्या वस्तूचं नाही.

हवा भरण्याचं तर कोणी बोलतच नाही. अशा बंदुकीच्या टाकीत २०० बारच्या आसपास हवा लागते, म्हणजे २,९०० पीएसआय. मोटारसायकलच्या चाकात तीसेक असते. पंक्चरवाल्याकडं जाऊन भागणार नाही. हातपंप वेगळा, दुर्बीण वेगळी, सील गेलं की शहराची चक्कर. किंमत सांगताना हे सारं व्हिडिओच्या बाहेर ठेवतात.

आणि रात्रभर जागणार कोण? माणूस दोन वाजता पेंगतो, डुक्कर अडीचला येते. झटका मशीन पेंगत नाही. तिचा एक झटका ५ जूलच्या आत असतो, बंदुकीच्या पाव हिश्शाएवढा, पण तो सेकंदाला एक असा पहाटेपर्यंत चालतो आणि जनावर मारत नाही, शिकवते. माझ्याकडं मशीन, बॅटरी, सोलर पाटी मिळून १४ हजार लागले, तार-खांब वेगळे. वनविभागाच्या जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे. आपलं गाव त्यात बसते काय ते वनरक्षकाला विचारा. तारेत घरची लाईन सोडणारे मात्र कुंपण करत नाहीत, शेजाऱ्याचा जीव घेतात. ते कोणी करू नका.

डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभर आणि दुसरी गुडघ्याखाली ठेवा. रोह्यासाठी वर छातीएवढ्या उंचीवर आणखी एक ओढा. अर्थिंगची सळई ओल्या जागी खोल ठोका, आजूबाजूला मीठ-कोळसा भरा. तारेखालचं गवत दर आठ दिवसांनी कापा, नाहीतर झटका गवतातच मुरते आणि मग मशीनला नावं ठेवता. कोणाला जोडणी पाहायची असेल तर खाली गावाचं नाव लिहा, इकडून सोंगणी झाली की येऊन दाखवतो.