ताण रक्तातही उतरतो

घरात कुणाची झोप उडाली, भूक गेली, छाती धडधडू लागली, की 'मनाला लावून घेऊ नकोस' असे सांगून आपण मोकळे होतो. सल्ला चांगल्या मनानेच दिलेला असतो. पण ताण एकट्या मनाचा नसतो, तो रक्तातही उतरतो. तो कसा, हे आज आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत.

संकटाची चाहूल लागली की मेंदूच्या तळाचा एक भाग पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो. ती मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींना खबर करते, आणि त्या कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. त्याने रक्तातली साखर वाढते, अंगात बळ येते. संकट टळले की मेंदूनेच हा नळ बंद करायचा असतो. आठवणी सांभाळणारा हिप्पोकॅम्पस हा भाग त्या कामी येतो.

या सगळ्यात मेंदूच्या वाढीच्या द्रव्यांचाही हात आहे. रिटा लेव्ही-मोन्ताल्चिनी या इटलीतील ज्यू बाई. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी त्यांचे विद्यापीठातले काम गेले, तेव्हा त्यांनी झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली. पुढे अमेरिकेत त्यांना मज्जातंतू वाढवणारे द्रव्य सापडले आणि १९८६ साली स्टॅन्ली कोहेन यांच्यासह नोबेल मिळाले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅराशूटने पहिलीच उडी मारणाऱ्या जवानांचे रक्त तपासले. उडीच्या आदल्या संध्याकाळीच हे द्रव्य वाढलेले होते. कॉर्टिसॉल नंतर वाढले. ते जवान काही भित्रे नव्हते!

याच घराण्यातले दुसरे द्रव्य म्हणजे बीडीएनएफ. ते मेंदूतील पेशींना जगवते, त्यांची जोडणी घट्ट करते. ताण रोजचाच झाला की हिप्पोकॅम्पसमध्ये ते घटते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे नळ बंद करणारा हातच दुबळा होऊ लागतो.

हे द्रव्य वाढवता येते का? २०११ साली अमेरिकेतील १२० वयस्कर माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले निम्मे वर्षभर आठवड्यातून ३ दिवस चालले. त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला, आणि ज्यांचे बीडीएनएफ अधिक वाढले त्यांचा अधिक वाढला.

चालल्याने कर्ज फिटत नाही, सुटलेली नोकरी परत मिळत नाही, हे आम्ही जाणतो. ताणाचे मूळ कारण दूर करावेच लागते. पण परीक्षेच्या तोंडावर थरथरणाऱ्या लेकराला भित्रा म्हणू नका, त्याच्यावर हात उगारू नका. संध्याकाळी त्याला सोबत घेऊन फेरी मारा. बेकार बसलेल्या भावाला टोमणे मारण्याऐवजी त्याच्याजवळ बसा. झोप पुष्कळ दिवस लागत नसेल तर सरकारी दवाखाना गाठा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत बोलता येते. ताप आल्यावर आपण डॉक्टरकडे जायला लाजत नाही, मग इथेच लाज कशाची?