नोंदणी मोजली, विक्री कधी मोजणार?

वाशिम - मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देशातील ९,२०० शेतकरी उत्पादक संघटनांचे लोकार्पण झाले. या संघटनांची एकत्रित उलाढाल सुमारे १,३०० कोटी रुपये असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. आकडा डोळे दिपवणारा आहे. मात्र भागाकार केला, की एका संघटनेच्या वाट्याला जेमतेम १४ लाख रुपये येतात. मैदानी भागाच्या निकषानुसार किमान ३०० सभासद धरले, तर सभासदामागे उलाढाल पाच हजारांच्याही आत राहते. हा नफा नव्हे, निव्वळ उलाढाल! यांतील अनेक संघटना नवख्या आहेत, हे मान्य करूनही प्रश्न उरतोच.

ऑनलाइन विक्रीचे चित्रही असेच आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, देशातील सुमारे ८,००० नोंदणीकृत संघटनांपैकी ५,००० संघटना 'ओएनडीसी' या खुल्या डिजिटल व्यापार जाळ्यावर दाखल झाल्या होत्या. दाखल होणे म्हणजे बाजारात दुकानाचा गाळा मिळणे. गाळ्यात गिऱ्हाईक किती आले, त्यांतील किती परत आले आणि गल्ल्यात काय उरले, हे नोंदणीच्या आकड्यातून कळत नाही.

वाशिमसाठी हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा, तर अलीकडच्या काळात चिया, अशी या जिल्ह्याची पीकरचना आहे. माल बाजार समितीत न्यायचा आणि त्या दिवशी निघेल तो भाव घ्यायचा, हा शिरस्ता. त्यातून सुटण्यासाठी तुरीची डाळ करून किंवा चिया स्वच्छ करून, पाकिटात भरून थेट पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला विकण्याची कल्पना पुढे आली. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून संपूर्ण खुला झाल्याने मुंबईही जवळ आली आहे. अडचण रस्त्याची कमी, हिशेबाची अधिक आहे.

पाच रुपयांचे गणित

उदाहरणादाखल एक किलो तूरडाळीचे पाकीट घेऊ. विक्री किंमत १९० रुपये, डाळीचा खर्च १२५, वेष्टनाचा १० आणि कुरिअरचा ५० रुपये धरला, तर हाती पाच रुपये उरतात. तीन हजार रुपयांच्या जाहिरातीतून शंभर मागण्या आल्या, तर प्रत्येक मागणीवर ३० रुपये खर्च होतो. म्हणजे पाकिटामागे २५ रुपयांचा तोटा! अशा वेळी 'मागण्या दुप्पट करू' हे उद्दिष्ट तोटाच दुप्पट करते. तोच ग्राहक जाहिरातीशिवाय आणखी पाच वेळा परत आला, तरच हा तोटा भरून निघतो.

आता पाच किलोची पिशवी पाहू. किंमत ९५०, डाळ ६२५, वेष्टन ३० आणि कुरिअर १५० रुपये धरल्यास १४५ रुपये उरतात. जाहिरातीचे ३० वजा केले, तरी ११५ रुपये शिल्लक राहतात. डाळ तीच, ग्राहकही तोच. बदलली ती केवळ मागणीची सरासरी. त्यामुळे या धंद्यात पहिले उद्दिष्ट ग्राहकसंख्येचे नव्हे, तर एका मागणीच्या आकाराचे असायला हवे.

उद्दिष्ट मोजता येणारे आणि मुदतीचे असावे, हा विचार नवा नाही. पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्येच उद्दिष्टनिष्ठ व्यवस्थापनाची मांडणी केली होती. 'ऑनलाइन विक्री वाढवू' हा संकल्प झाला. 'मार्चअखेर तीनशे ग्राहक, त्यांतील नव्वद जणांची तीन महिन्यांत दुसरी मागणी आणि परत आलेला माल शंभरात तीनपेक्षा कमी' हे उद्दिष्ट झाले. संचालक मंडळाच्या बैठकीत पहिल्यावर टाळ्या पडतात. दुसऱ्यावर जाब विचारता येतो. सभासदाच्या दृष्टीने तर एकच आकडा निर्णायक आहे. बाजार समितीतील त्या दिवसाच्या भावापेक्षा आपल्या क्विंटलमागे किती रुपये अधिक मिळाले? तो शून्य असेल, तर समाजमाध्यमांवरील पसंतीच्या खुणांना अर्थ नाही.

मोजणीची सवय आहेच

वाशिमला मोजमाप अपरिचित नाही. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात राज्यातील नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाचा उस्मानाबाद यांच्यासह वाशिमची निवड झाली. आरोग्य, शिक्षण, शेती आदी क्षेत्रांतील ४९ निर्देशकांवर जिल्ह्याची प्रगती तपासली जाऊ लागली. शासनाला जिल्ह्याची मोजणी जमते, तर संघटनेला आपल्या गल्ल्याची का जमू नये?

दहा हजार संघटनांच्या योजनेत व्यवस्थापन खर्चासाठी प्रत्येकी १८ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. पण ती तीन वर्षांपुरतीच. त्यानंतर व्यवस्थापकाचा पगार विक्रीतूनच निघायला हवा. त्यासाठी दरमहा किती विक्री लागेल, हा आकडा पहिल्याच वर्षी कार्यालयाच्या भिंतीवर लागला पाहिजे. अन्यथा चौथ्या वर्षी संकेतस्थळावरील दुकान उघडे दिसेल, आणि आत माल मात्र नसेल.