सारखी नोकरी जाते त्यालाच भत्ता नाही!

नोकरी गेली तर सरकार भत्ता देतं म्हणे. कुणाला, ते विचारा.

ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 पासून आहे. मिळतात सरासरी पगाराच्या 50 टक्के, तेही आख्ख्या आयुष्यात जास्तीत जास्त 90 दिवस. अटी बघा: दोन वर्षं विम्याची नोकरी झालेली हवी. काम सुटण्याआधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी हवी. त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीत पुन्हा 78.

आता चाकण, वाळूज, बुटीबोरीतला कंत्राटी पोरगा घ्या. ऑर्डर आली की दोन महिने काम, मग चार महिने घरी. त्याचे 78 भरणार कधी? पगारातून ईएसआयचे पैसे मात्र कापलेच जातात. कापताना कुणी विचारत नाही, कायम आहेस की हंगामी?

ब्रेक कामगार घेत नाही, त्याला दिला जातो. मग शिक्षा त्याला का?

मागणी साधी आहे. सहामाहीचा हिशोब सोडा, दोन वर्षांतले सगळे दिवस एकत्र धरा. आणि 90 दिवसांची ती आयुष्यभराची मर्यादा काढा. बेकारी काय एकदाच येते?