गल्ल्यामागचा माणूस

हिंदी चित्रपटातील व्यापारी आठवायचा म्हटला, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर प्रथम ‘मदर इंडिया’तील सुखीलाला उभा राहतो. 1957 सालच्या त्या चित्रपटात कन्हैयालाल यांनी तो असा रंगवला, की पुढे अनेक वर्षे पडद्यावरचे कितीतरी लाला आणि शेठ त्याच मुशीतून निघत राहिले. पाचशे रुपयांचे कर्ज, कर्जदाराला वाचता न येणारी वही आणि ओठांवर लाघवी हसू. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस, कर्ज आणि वसुली हे शब्द हलकेपणाने उच्चारण्यासारखे नाहीत. त्यामुळे ते चित्र सर्वस्वी खोटे होते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. ते अपुरे मात्र निश्चित होते. सुखीलालाला मुलगी आहे, पण ती कथेचा शेवट घडवण्यापुरती. तो घरी जेवायला बसल्यावर काय बोलतो, वडीलधाऱ्यांपुढे कसा उभा राहतो, कोणाला घाबरतो, हे आपल्याला कधी कळत नाही.

व्यापाऱ्याला हे घर पुढे मिळवून दिले ते दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांनी. गंभीर कलाकृतींना जे फारसे साधले नाही ते या हलक्याफुलक्या प्रकाराने केले, याची नोंद आपण घेतलेली नाही असे मला वाटते.

अर्थात त्याला वेळ लागला. मुंबई दूरदर्शन सुरू झाले 1972 मध्ये. त्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील ‘चिमणराव’ ही मालिका आली. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मुंबई-पुण्याकडे ती घरोघर पाहिली जात होती, त्या काळी आपल्या भागात हे दोघे भेटत ते पुस्तकांतूनच. पुढे 1984 च्या सुमारास देशभर लहान प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहू लागली आणि ‘ये जो है जिंदगी’ने शुक्रवारची रात्र आपल्या ताब्यात घेतली. शरद जोशींसारख्या कसलेल्या व्यंगलेखकाचे लेखन आणि दर भागात नव्या सोंगात येणारे सतीश शाह. 1988 मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून ‘वागले की दुनिया’ आली. 2001 मध्ये मराठीत ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’, आणि तेथे आबा म्हणून पुन्हा प्रभावळकरच.

या साऱ्या मालिका उत्तम होत्या. परंतु त्यांतील घरे नोकरदारांची होती. चिमणराव कारकून, वागलेही कारकून. त्यांच्या विनोदाचे घड्याळ एक तारखेला सुरू होते आणि महिनाअखेरीस रडकुंडीला येते. आपल्या घरांचे घड्याळ वेगळे. दसऱ्यानंतर कापूस बाजारात येऊ लागला की वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवड्याच्या दुकानांत श्वास घ्यायला सवड नसते. आणि ऐन पावसाळ्यात उधारीच्या वहीकडे पाहत बसावे लागते. त्या मालिकांत व्यापारी येई तो बहुधा बिल घेऊन दारात. दोन मिनिटे थांबे, सर्वांची त्रेधा उडवी आणि निघून जाई. आपणही मनापासून हसलो; दारात उभा असलेला माणूस आपल्यापैकीच आहे, हे फारसे मनात आले नाही.

गल्ल्यामागून पाहणारा विनोद आला तो गुजरातीतून. तारक मेहता यांनी 1971 मध्ये ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात ‘दुनियाने उंधा चष्मा’ हे सदर लिहायला प्रारंभ केला. त्याचे वाचक प्रामुख्याने गुजराती घरांतील, म्हणजे त्यांत दुकानदार पुष्कळ. वाचकच व्यापारी असल्यावर व्यापाऱ्याला राक्षस करून चालत नाही, आणि देव केला तर कोणी हसत नाही. त्याला माणूसच करावे लागते. या लेखनावरून 28 जुलै 2008 रोजी ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ ही मालिका सुरू झाली आणि चार हजार भागांच्या पलीकडे गेली. इतके भाग ओढल्यावर रस पातळ होतोच, तसा तो झालाही. पण पहिल्या काही वर्षांतील जेठालाल गडा ही आपल्या दूरचित्रवाणीवरील अस्सल पात्रांपैकी एक आहे.

जेठालालचे विजेच्या उपकरणांचे दुकान आहे, तो कर्जबाजारी नाही, बाजारात त्याची पत आहे. असा माणूस घरी आल्यावर बापूजींच्या एका हाकेने गर्भगळीत होतो. दिलीप जोशी खाली मान घालून, हात बांधून उभे राहतात आणि अमित भट्ट त्यांना चारचौघांत झाडतात. (वास्तवात ‘बापूजी’ हे ‘मुला’हून वयाने लहान आहेत, हा त्यातला आणखी एक विनोद.) पन्नाशीतील कर्ता पुरुष लाखांचा सौदा तोंडी करतो, आणि ओटा नव्याने बांधायचा की नाही हे मात्र वडिलांना विचारतो. हे दृश्य आपल्याला नवीन नाही. नवीन होते ते एवढेच, की त्यावर आजोबा, मुलगा आणि नातू एकाच दिवाणखान्यात बसून हसत होते. मालिकेची वेळ साडेआठची. सूर्यास्तापूर्वी जेवणारी आपली घरे तोवर स्वयंपाकघर आवरून मोकळी झालेली असत, आणि दुकानाचे शटर अर्धे खाली ओढलेले असे. कितीतरी घरांत वडिलांना समोरासमोर न सांगता येणारी गोष्ट ‘आपले बापूजी’ या दोन शब्दांत सांगितली गेली, आणि वडिलांनी ती ऐकूनही घेतली.

‘खिचडी’ने 2002 मध्ये याहून धीट काम केले होते. पारेख कुटुंबाला जुनी हवेली विकून वेगळे व्हायचे आहे आणि बाबूजी विकू देत नाहीत. वाटणी हा विषय ज्या घरांत कुजबुजतच बोलला जातो, त्या घरांत हंसा आणि प्रफुल्ल तो मोठ्याने बोलले.

दुकानावरची सर्वांत बोचरी विनोदी मालिका मात्र इंग्रजांची. रॉय क्लार्क यांनी लिहिलेल्या ‘ओपन ऑल अवर्स’मध्ये रॉनी बार्कर यांनी साकारलेला आर्कराइट हा किराणा दुकानदार पहाटेपासून रात्रीपर्यंत दुकान उघडे ठेवतो. त्याचा गल्ला असा खटकन मिटतो, की नाणी ठेवताना बोटे सांभाळावी लागतात. दुकानात राबणारा भाचा ग्रॅनव्हिल सदैव बाहेरच्या जगाची स्वप्ने पाहत असतो. 2013 मध्ये या मालिकेचा पुढचा भाग आला. आता मामा नाही, दुकान ग्रॅनव्हिलचे आहे, गल्ला तोच आहे. ग्रॅनव्हिल मामासारखाच चिक्कू झाला आहे आणि समोर त्याचा मुलगा राबतो आहे. पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाच्या परतण्याची वाट पाहणाऱ्या घरांनी ही मालिका एकदा अवश्य पाहावी. मुलासोबत पाहण्याचे धैर्य असेल तर अधिक उत्तम.

आता जे मनात आहे ते सांगतो. जेठालालच्या दुकानात नट्टूकाका होते. घनश्याम नायक यांनी 2008 पासून 2021 मधील आपल्या निधनाच्या काही काळ आधीपर्यंत ही भूमिका केली. म्हातारा, विश्वासू, चष्मा कपाळावर चढवलेला नोकर. तो अधूनमधून पगारवाढीचा विषय काढतो आणि शेठ तो शिताफीने टाळतो. या प्रसंगावर आपण प्रत्येक वेळी हसलो. पण साडेआठला तीच मालिका आपल्या दुकानातील दिवाणजींच्या घरीही लागलेली असे. काट्यावर उभा राहणारा मुलगा, वखारीत पोती मोजणारा माणूस, तेही पाहत होते. गल्ल्यावरून पाहिले तर विनोद असा, की याने पुन्हा मागितले. त्यांच्या बाजूने पाहिले तर असा, की याने पुन्हा टाळले. सकाळी दुकान उघडल्यावर दोन्ही बाजू कालच्या भागावर एकत्र हसत, आणि हसण्याचे कारण मात्र प्रत्येकाने आपल्यापाशीच ठेवलेले असे.

मालिकेला तो पगार वर्षानुवर्षे लांबवणे भाग होते. तो वाढला असता तर प्रसंगच संपला असता. आपल्या दिवाणजींना कोणत्या शेतकऱ्याची कोणती उधारी कोणत्या साली बुडाली हे वही न उघडता सांगता येते. दिवाळीला त्यांच्या हातावर मिठाईचा डबा ठेवताना ते एखादे वाक्य हसत हसत बोलून जातात, आणि आपणही हसून पुढच्या माणसाकडे वळतो.